प्रकाशाने अणू थंड कसे होतात?

आपल्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेच्या काळोख्या खोलीत सोडिअमचा दिवा आहे. त्या पिवळ्या उजेडात स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बी. एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तास-दोन तास काढलेले असतात. ग्रेटिंगच्या साहाय्याने तरंगलांबी काढायची आणि उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आणायचे, हा तो प्रयोग. उत्तर तसे आले नाही, की पुष्कळदा जर्नल उलट्या दिशेने लिहिले जाते. आधी उत्तर मांडायचे आणि मग त्याला शोभतील असे कोन भरायचे! विद्यार्थिदशेत मीही हे केलेले आहे; तेव्हा कोणाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही.

मात्र ह्याच सोडिअमवर आणि ह्याच पिवळ्या प्रकाशाने केलेल्या एका प्रयोगात १९८८ साली असे उत्तर आले, की ते पुस्तकातल्या उत्तराच्या एक षष्ठांशच भरले. प्रयोग करणाऱ्यांनी ते उत्तर पुस्तकाशी जुळवून घेतले नाही. त्यातून अणू आणि प्रकाश यांच्या परस्परसंबंधाचे एक नवे प्रकरण उघडले आणि १९९७ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक ह्या विषयाला मिळाले. स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स हे त्याचे तीन मानकरी. ह्या लेखात मुख्यतः फिलिप्स यांच्या संशोधनाची ओळख करून घेऊ. त्यासाठी लागणारे गणित बारावीच्या पलीकडचे नाही. विद्यार्थी मित्रांनी कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसावे, एवढीच विनंती.

प्रकाशाचा धक्का

प्रकाश उजेड देतो, ऊब देतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो ढकलतोही, ही गोष्ट मात्र सहज लक्षात येत नाही. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, त्याचे कारण सूर्यप्रकाशाचा रेटा असावा, असे केप्लरने सतराव्या शतकातच सुचविले होते. पुढे मॅक्सवेलच्या सिद्धांतातून प्रकाशाचा दाब किती असावा हे गणिताने निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील लेबेडेव्ह यांनी तो प्रत्यक्ष मोजला. प्रकाशकणाला, म्हणजे फोटॉनला, ऊर्जेबरोबर संवेगही असतो हे १९१७ साली आइन्स्टाइन यांनी स्पष्टपणे मांडले. हा संवेग प्लँकच्या स्थिरांकाला तरंगलांबीने भागले असता मिळतो.

आता हिशेब करू. सोडिअमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर आहे. तिने प्लँकच्या स्थिरांकाला भागले आणि आलेल्या संवेगाला सोडिअमच्या एका अणूच्या वस्तुमानाने भागले, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर. म्हणजे एक फोटॉन गिळल्यावर सोडिअमच्या अणूच्या वेगात एवढाच फरक पडतो. उलट, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या सोडिअमच्या वाफेतील अणूंचा वेग सेकंदाला सुमारे १००० मीटर असतो. तो शून्यावर आणायचा तर समोरून तेहतीस-चौतीस हजार धक्के बसले पाहिजेत.

आकडा मोठा दिसतो. पण अणूची चपळाई लक्षात घ्यावी. फोटॉन शोषून उत्तेजित झालेला सोडिअमचा अणू सरासरी १६ नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या १६ अब्जांश भागात, पुन्हा फोटॉन बाहेर टाकून मूळ पातळीवर येतो आणि नव्या फोटॉनसाठी मोकळा होतो. प्रकाश पुरेसा प्रखर असेल, तर एक अणू सेकंदाला सुमारे ३ कोटी फोटॉन घेऊ शकतो. प्रत्येक धक्का ३ सेंटिमीटरचा धरला, तर अणूची गती रोखणारे मंदन गुरुत्वत्वरणाच्या नव्वद हजार पटींहून अधिक भरते. ह्या हिशेबाने अणू साधारण एक मिलिसेकंदात आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला पाहिजे.

येथे कोणी विचारील, की अणू फोटॉन बाहेर टाकतो तेव्हा त्याला उलट धक्का बसत नाही काय? बसतो. पण शोषलेले सर्व फोटॉन एकाच दिशेने आलेले असतात आणि बाहेर टाकलेले वाटेल त्या दिशेला जातात. बाहेर टाकतानाच्या धक्क्यांची सरासरी शून्य होते आणि शोषणाचे धक्के साठत जातात. हा मुद्दा पुढेही उपयोगी पडणार आहे.

१९३३ साली जर्मनीत ऑटो फ्रिश यांनी सोडिअमच्या अणूंचा झोत साध्या सोडिअमच्या दिव्याने किंचित वळवून दाखविला होता. त्यात प्रत्येक अणूला सरासरी एखादाच फोटॉन मिळाला असेल. दिव्याचा प्रकाश चोहीकडे पांगतो आणि अणूला हव्या असलेल्या नेमक्या रंगाचा त्यातला वाटा थोडा असतो. १९६० साली मेमन यांनी पहिला लेसर तयार केला आणि पुढे ज्याचा रंग हवा तसा बारकाईने बदलता येतो असा रंगद्रव्याचा लेसर आला, तेव्हा हजारो धक्क्यांची गोष्ट आवाक्यात आली.

डॉप्लरची अडचण आणि डॉप्लरचीच सोय

रेल्वेच्या फाटकाशी उभे असताना येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या स्वरात आणि जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरात ऐकू येते. अणूच्या बाबतीतही हेच घडते. लेसरच्या समोर धावत येणाऱ्या अणूला प्रकाशाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपनसंख्या, वाढलेली भासते. सेकंदाला १००० मीटर वेगाच्या सोडिअमच्या अणूसाठी हा फरक सुमारे १७०० मेगाहर्ट्‌झ आहे. अणूची शोषणरेषा मात्र जेमतेम १० मेगाहर्ट्‌झ रुंद. म्हणून लेसर धावत्या अणूशी जुळवून ठेवला, तरी वेग सेकंदाला ६ मीटरने कमी होताच जुळणी मोडते. सुमारे दोनशे धक्के बसले, की अणूला तो लेसर दिसेनासा होतो. हजारो धक्क्यांचा बेत दोनशेवरच थांबतो.

ह्यावर दोन उपाय होते. एक म्हणजे अणू मंदावत जाईल तसतशी लेसरची कंप्रता बदलत न्यायची. दुसरा उपाय फिलिप्स आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड मेटकाफ यांनी घेतला. चुंबकीय क्षेत्रात अणूच्या ऊर्जापातळ्या सरकतात, हा झीमन परिणाम आपण अभ्यासक्रमात शिकतो. त्यांनी अणूंचा मार्ग एका लांब तारेच्या वेटोळ्यातून नेला. वेटोळ्याचे फेरे एका टोकाला जास्त आणि पुढे कमी कमी होत गेलेले. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र उतरते झाले. अणूचा वेग जेवढा घटे, तेवढीच त्याची शोषणरेषाही सरके आणि लेसरशी जुळणी संपूर्ण मार्गभर टिकून राही. लेसर तोच, कंप्रता तीच. बदलत होता तो अणू. १९८२ साली त्यांनी ह्या रीतीने अणूंचा झोत मंदावल्याचे जाहीर केले आणि १९८५ पर्यंत अणू थांबवून दाखविले.

फिलिप्स अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, मेरिलँड राज्यातील गेदर्सबर्ग येथे, १९७८ साली दाखल झाले होते. वजने, मापे आणि प्रमाणे सांभाळणारी ही संस्था. तेथे त्यांची नेमणूक विद्युत्‌विषयक अचूक मापनासाठी होती. अणू थंड करण्याचे काम त्यांनी त्या कामाच्या जोडीने सुरू केले. मोजमापाची ही शिस्त पुढे निर्णायक ठरली.

प्रकाशाची काकवी

एका दिशेने धावणारा अणू थांबविणे ही पहिली पायरी झाली. वायूतील अणू तर सर्व दिशांना धावतात, आणि तापमान म्हणजे ह्या स्वैर धावण्याचेच माप आहे. ती धावपळ कमी केली म्हणजेच वायू थंड केला. ह्यासाठी १९७५ साली थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी एक कल्पना मांडली होती. विद्युत्‌भारित अणूंसाठी तशीच कल्पना त्याच वर्षी वाइनलँड आणि डेमेल्ट यांनी मांडली.

ती अशी: समोरासमोरून दोन लेसर सोडायचे आणि दोघांची कंप्रता अणूच्या आवडीच्या कंप्रतेपेक्षा थोडी कमी ठेवायची. स्थिर अणूला दोन्ही बाजूंनी सारखेच धक्के बसतील. पण अणू उजवीकडे सरकू लागला, की उजवीकडून येणारा प्रकाश त्याला डॉप्लरमुळे चढ्या कंप्रतेचा, म्हणजे आवडीच्या जवळचा, वाटतो. म्हणून तो समोरचेच फोटॉन अधिक गिळतो आणि मागे रेटला जातो. डावीकडे सरकला तरी तेच. ज्या डॉप्लरने आधी अडचण केली, तोच येथे कामाला येतो. उभी, आडवी आणि तिरपी अशा परस्परांना लंब असलेल्या तीन जोड्या, म्हणजे सहा किरण, एकत्र आणले तर अणू कोणत्याही दिशेला गेला तरी त्याला विरोध होतो.

१९८५ साली चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हा प्रयोग सोडिअमवर यशस्वी केला. अणू जणू दाट, चिकट द्रवातून वाट काढीत आहेत असे वागत. त्यांनी ह्याला जे इंग्रजी नाव दिले, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे काकवी. आपल्या कन्नड विभागाचे वाचक काकंबी म्हणतील. उसाच्या ह्या मुलखात काकवीत अडकलेला मुंगळा कोणी पाहिला नाही? पाय उचलतो, पण पुढे सरकत नाही. प्रकाशाच्या काकवीत अणूची गत तशीच होते.

ही थंडी कोठवर जाऊ शकते? बाहेर टाकलेल्या फोटॉनांच्या धक्क्यांची सरासरी शून्य असते, असे वर म्हटले. पण सरासरी शून्य असली तरी प्रत्येक धक्का खराच असतो. त्यामुळे अणू थरथरत राहतो. काकवीचा विरोध एकीकडे आणि ही थरथर दुसरीकडे, अशा दोहोंचा तोल जेथे साधतो तेथे तापमान स्थिरावते. सोडिअमसाठी गणिताने ती मर्यादा येते सुमारे २४० मायक्रोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा चार हजारावा भाग. चू यांच्या प्रयोगातील मापनही २४० मायक्रोकेल्विनच आले. मापनात चुकीला बरीच जागा होती; पण सिद्धांत आणि प्रयोग जुळले, म्हणून सर्वांचे समाधान झाले.

न जुळणारे उत्तर

फिलिप्स यांच्या गटाने हीच काकवी आपल्याकडे तयार केली आणि तिचे गुणधर्म बारकाईने तपासायला घेतले. हळूहळू काही गोष्टी खटकू लागल्या. सिद्धांताप्रमाणे लेसरची कंप्रता शोषणरेषेच्या अर्ध्या रुंदीएवढी खाली ठेवली असता अणू सर्वांत थंड व्हावेत. प्रयोगात मात्र ती आणखी खाली नेली तर काकवी अधिक चांगली वागे. तेव्हा तापमान नव्याने आणि अधिक खात्रीने मोजणे भाग होते.

इतक्या थंड आणि विरळ वायूत तापमापक बुडविता येत नाही. मग तापमान मोजायचे कसे? अणूंचा वेग मोजायचा. लेसर एकाएकी बंद केले, की काकवी नाहीशी होते आणि अणू मोकळे होऊन पसरत खाली पडू लागतात. थोड्या अंतरावर एक बारीक लेसर किरण ठेवायचा. अणू त्यातून जाताना चमकतात. कोणत्या क्षणी किती अणू चमकले ह्यावरून त्यांचे वेग कळतात आणि वेगावरून तापमान.

सिद्धांत खरा असेल तर एका दिशेतला वेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर यायला हवा होता. मिळाला तो १२ सेंटिमीटरच्या आसपास. तापमान निघाले ४३ मायक्रोकेल्विन, अधिक-उणे २०. चुकीची पुरी मर्यादा धरली तरी २४० हा आकडा पार दूर राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले उत्तर सिद्धांताशी जुळत नाही, तेव्हा दहापैकी नऊ वेळा चूक आपल्या प्रयोगाचीच असते, आणि अशा वेळी पहिला संशय आपल्या मापनावर घ्यावा हे योग्यच. ह्या गटानेही तसेच केले. एकाच रीतीवर न विसंबता त्यांनी अनेक निरनिराळ्या रीतींनी तेच तापमान पुन्हा मोजले. त्यातली एक रीत तर कारंज्यासारखी आहे. तपासणारा किरण अणूंच्या खाली न ठेवता वर ठेवायचा आणि किती अणू उसळून तेथवर पोचतात ते पाहायचे. शाळेतले सूत्र वापरून पाहा: सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वर उडालेला अणू साडेचार मिलिमीटर चढतो, तर १२ सेंटिमीटर वेगाचा अणू पाऊण मिलिमीटरही चढत नाही. दोन उत्तरांतला फरक इतका ढळढळीत असला, की गफलतीला वाव उरत नाही. प्रत्येक रीतीने उत्तर एकच आले: अणू सिद्धांताच्या मर्यादेपेक्षा फार थंड आहेत. १९८८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि इतर प्रयोगशाळांनीही त्यांना दुजोरा दिला.

सिद्धांत कोठे चुकला?

गणितात चूक नव्हती. चूक गृहीतकात होती. अणूला दोनच ऊर्जापातळ्या आहेत, एक खालची व एक वरची, असे धरून २४० चा आकडा काढला होता. सोडिअमची खालची पातळी प्रत्यक्षात अनेक उपपातळ्यांची बनलेली आहे. पॅरिसमधील कोएन-तानुजी आणि झाँ दालिबार यांनी ह्याच उपपातळ्यांत कोड्याचे उत्तर शोधले. चू यांच्या गटानेही, जो तोवर स्टॅनफर्डला आला होता, त्याच दिशेने स्पष्टीकरण दिले.

समोरासमोरच्या दोन लेसरांचे ध्रुवीकरण वेगवेगळे असेल, तर दोहोंच्या मिश्रणाचे ध्रुवीकरण तरंगलांबीच्या अंशाअंशावर बदलत जाते. प्रकाशामुळे उपपातळ्यांची ऊर्जाही किंचित सरकते. परिणामी अणूपुढे ऊर्जेच्या टेकड्या आणि दऱ्या तयार होतात. मात्र एका उपपातळीची जेथे टेकडी, तेथे दुसरीची दरी. अणू टेकडी चढतो, तेव्हा त्याची गतिज ऊर्जा खर्च होते. माथ्याशी पोचला, की तेथल्या ध्रुवीकरणामुळे तो फोटॉन शोषून दुसऱ्या उपपातळीत जाऊन पडण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. म्हणजे तो एकदम दरीत येतो! शोषलेल्या फोटॉनपेक्षा बाहेर टाकलेल्या फोटॉनची ऊर्जा थोडी अधिक असते, आणि हा फरक अणूच्या चढणीच्या श्रमातून वसूल झालेला असतो. पुन्हा चढण, पुन्हा दरी. ग्रीक पुराणात सिसिफस नावाच्या राजाला शिक्षा होती, की शिळा डोंगरावर ढकलीत न्यायची आणि माथ्याजवळ येताच ती पुन्हा गडगडत खाली यायची. त्याच्यावरून ह्या क्रियेला सिसिफस शीतन म्हणतात. नुसत्या डॉप्लरच्या काकवीहून ही युक्ती कितीतरी प्रभावी ठरली. १९९० साली सीझिअमचे अणू ह्याच मार्गाने ३ मायक्रोकेल्विनच्याही खाली नेण्यात आले.

अणूची जी गुंतागुंत सोयीसाठी दूर ठेवली होती, तीच अधिक थंडीचे कारण होती. असे घडेल हे कोणी आधी सांगितले नव्हते. मापनाने ते दाखवून दिले.

ह्या सर्वाचा उपयोग काय?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि त्यांनी तो विचारावाही. पहिला उपयोग घड्याळाचा. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझिअम अणूच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवरून केली जाते. जुन्या घड्याळांत सीझिअमचे अणू वेगाने निघून जात, त्यामुळे त्यांचे निरीक्षण करायला सेकंदाचा शंभरावा भागही क्वचितच मिळे. थंड अणू हलकेच वर फेकले, तर ते सुमारे मीटरभर चढून पुन्हा खाली येईपर्यंत जवळजवळ एक सेकंद मिळतो. निरीक्षणाचा काळ वाढला, की कंप्रतेची अचूकता वाढते. फिलिप्स यांच्याच संस्थेने १९९९ साली असे कारंजे-घड्याळ प्रमाण म्हणून वापरात आणले. त्यानंतर स्ट्राँशिअम व इटर्बिअम यांच्या थंड अणूंवर चालणारी, त्याहूनही अचूक घड्याळे तयार झाली आहेत.

दुसरा उपयोग आपल्या देशाशी नाते सांगणारा आहे. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना एक निबंध पाठविला. त्यातून पुढे असे भाकीत निघाले, की विशिष्ट जातीचे अणू पुरेसे थंड केले तर ते सर्व एकाच अवस्थेत एकवटतील. हे भाकीत सत्तर वर्षे वाट पाहत होते. १९९५ साली एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडिअमचे अणू आधी लेसरने थंड केले आणि मग त्यातले जास्त गरम अणू निसटू दिले. बशीतला चहा वाफ निघून गेल्याने निवतो, तसेच हे. एका केल्विनच्या कोट्यंश भागाच्या आसपास बोस-आइन्स्टाइन संघनन घडून आले. त्याच वर्षी वोल्फगांग केटर्ली यांनी सोडिअममध्येही ते साधले, आणि २००१ चे नोबेल ह्या तिघांना मिळाले. आपल्याजवळच्या बंगळूरात, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेतही थंड अणूंवर प्रयोग होतात.

रेणूंचे काय? रेणू अणूंपेक्षा हट्टी असतात. ते स्वतःभोवती फिरतात, कंप पावतात, आणि फोटॉन बाहेर टाकल्यावर मूळ पातळीवरच परततील ह्याची शाश्वती नसते. प्रकाश शोषून वेगळ्याच पातळीवर उतरणे ही रेणूंची सवय रामन परिणामामुळे १९२८ पासून आपल्याला परिचित आहे. हजारो धक्के लागोपाठ द्यायचे तर ही सवय आड येते. तरी काही निवडक रेणूंत ती फार कमी असते. २०१० साली येल विद्यापीठात स्ट्राँशिअम फ्लुओराइडचा रेणू लेसरने थंड करण्यात यश आले, आणि हे क्षेत्र आता वेगाने वाढते आहे.

पुन्हा काळोख्या खोलीत

आता पुन्हा आपल्या पिवळ्या दिव्याकडे येऊ. पुढच्या वेळी तुमचे उत्तर ५८९३ ऐवजी ६०२० आले, तर काय करावे? ग्रेटिंग किरणांना लंब बसविली आहे का ते तपासावे. कॉलिमेटरची फट अरुंद आहे का, वर्निअर नीट वाचला का, डाव्या-उजव्या बाजूंचे कोन सारखे येतात का, हे पाहावे. बहुतेक वेळा चूक तेथेच सापडेल, आणि ती शोधताना जे शिकाल ते तयार उत्तरातून मिळणार नाही. एवढे करूनही उत्तर ६०२० च राहिले, तर ६०२० च लिहावे आणि खाली शक्य त्या चुका नोंदवाव्यात. आम्हां शिक्षकांनीही अशा जर्नलला गुण कापू नयेत. हे मी माझ्या सहकाऱ्यांना आणि त्यांच्याआधी स्वतःला सांगतो.

१९८८ साली गेदर्सबर्गच्या प्रयोगशाळेत ४३ च्या जागी २४० लिहिणे अगदी सोपे होते. कोणी शंकाही घेतली नसती.